झीरोचा खरा रंग कोणता? (आणि पावसात पंखावर साय धरली, तिचं काय करू?)

तिसरा_मजला

मंडळी, मार्चपासून माझ्या टेबलावर एक झीरो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल, अर्धवट पडून आहे. मित्सुबिशी ए६एम२, मॉडेल २१, तामियाचं १/४८ चं किट. जोडणी इतकी चोख की पंख धडाला लावल्यावर पुट्टीची डबी उघडावीच लागली नाही. कॉकपिट रंगवून झालंय, पट्टे बसलेत, धडाचे दोन भाग चिकटलेत.

करायचंय ते अकागी या विमानवाहू जहाजावरचं, ५ एप्रिल १९४२ ला कोलंबोवर आलेलं. पर्ल हार्बरचं झीरो सगळेच करतात. आपल्या समुद्रात आलेलं कोणी करत नाही, म्हणून हा हट्ट.

आता दोन ठिकाणी गाडी अडलीय.

पहिलं म्हणजे रंग. किटच्या कागदावर एक्सएफ-७६ लिहिलाय, म्हणजे हिरवट राखाडी. लहानपणी काकांनी १/७२ चं एक किट आणून दिलं होतं, त्याच्या खोक्यावरचं झीरो धुतल्या धोतरासारखं पांढुरकं. आणि परवा कुठेतरी वाचलं की त्याला तपकिरी झाक होती. एकाच विमानाचे तीन रंग!

दुसरं जास्त दुखणारं. गेल्या रविवारी हिय्या करून लॅकर फवारला. ठाण्यात दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. डाव्या पंखावर रंग असा काही बसला की मीच खूश. चहा टाकून परत आलो तर पंखावर दुधावर धरते तशी साय. बोटाने पुसली, जाईना. उजवा पंख अजून कोरा आहे आणि मला आता एअरब्रशकडे (रंग फवारायच्या पेनकडे) बघवत नाही.

(पिटो ट्यूब, म्हणजे पंखावरची वेग मोजणारी बारीक नळी, तीपण फरशीवर पडून गायब आहे. तो दुःखाचा तिसरा अध्याय.)

रंगारी_काका

डावा पंख खरवडू नका! आधी हे वाचा.

याला ब्लशिंग म्हणतात. लॅकरचा थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवेतली वाफ त्या गार रंगावर थेंब होऊन बसते. रंग सुकेपर्यंत ते पाणी आत अडकतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो ना, तेच, फक्त हा घाम रंगाच्या आत. बाटलीचा दोष नाही, हवेचा आहे. आमच्याकडे रत्नागिरीला जून ते सप्टेंबर मी लॅकरला हात लावत नाही. लावलाच तर खोलीत एसी ड्राय मोडवर तासभर आधी, आणि थिनरमध्ये रिटार्डर. रिटार्डरने थिनर सावकाश उडतो, गारवा कमी येतो.

पंख वाचवायचा उपाय: कोरडा दिवस बघा, नुसता रिटार्डरवाला थिनर, रंग अजिबात नाही, लांबून अगदी हलका फवारा. वरचा थर किंचित ओला होतो, अडकलेलं पाणी निघून जातं, साय विरते. हलका म्हणजे हलका. भिजवलात तर खालचं प्लास्टिक मऊ पडेल आणि पॅनल लाइनी (पत्र्याच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेघा) बुजतील.

कॉम्प्रेसरची टाकी कधी रिकामी केली होती? खालचा नळ उघडून बघा.

तिसरा_मजला

काका, उघडला. अर्धी वाटी पाणी निघालं. लाज वाटली.

रंगारी_काका

अर्धी वाटी म्हणजे ठीक. माझ्या ओळखीच्या एकाच्या टाकीतून गंजाचं सूप निघालं होतं. मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) लावलाय ना? आणि खिडक्या बंद करून फवारत असाल तर आधी एक्झॉस्ट फॅन आणि गाळणीचा मास्क. कोरडेपणाच्या नादात फुप्फुसं रंगवू नका.

नवशिका

प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. १/४८ आणि १/७२ असे विचित्र आकडेच का? १/५० का नाही?

रंगारी_काका

अजिबात बाळबोध नाही. फूट-इंचाचा हिशेब आहे बघ. सहा फुटांचा माणूस एक इंचाचा केला की १/७२. फुटाला पाव इंच धरला की १/४८. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज-अमेरिकनांनी आपल्या तोफावाल्यांना विमानं ओळखायला शिकवलं ते १/७२ च्या नमुन्यांवर, तिथून तो आकडा रुळला. मॉडेल २१ च्या पंखांचा विस्तार १२ मीटर. १/७२ मध्ये पावणेसतरा सेंटिमीटरच्या आसपास, १/४८ मध्ये बरोबर २५. घरात कपाट किती आहे ते बघ आणि ठरव.

इतिहासवेडी

काका, १/५० पण होतं बरं का, जुनी जपानी किटं त्या मापात यायची.

रंगाकडे येते, पण त्याआधी नावाचं. ते 'मॉडेल एकवीस' नाही, 'दोन-एक' असं वाचायचं. पहिला आकडा सांगाड्याचा, दुसरा इंजिनाचा. ११ ची पंखांची टोकं ५०-५० सेंटिमीटर दुमडती केली, जहाजावरच्या लिफ्टमध्ये मावावं म्हणून, की झालं २१. मग इंजिन बदललं आणि टोकं कापून चौकोनी केली, दोन्ही आकडे हलले, ३२. पुढे लांब गोल टोकांचा पंख परत आणला पण इंजिन नवंच ठेवलं, म्हणून २२. त्यामुळे २२ हे ३२ च्या नंतरचं. किट विकत घेताना यात भलेभले फसतात.

'झीरो' हे नावही पंचांगातलं. १९४० हे जपानी शाही कालगणनेचं २६०० वं वर्ष, शेवटी शून्य, म्हणून शून्य प्रकारचं लढाऊ विमान. जपानी लोक त्याला रेइसेन म्हणतात. दोस्त राष्ट्रांच्या लेखी ते 'झीक'. मेलबर्नला १९४२ मध्ये बसवलेली पद्धत होती, लढाऊ विमानांना पुरुषांची नावं, बाँबरना बायकांची. चौकोनी टोकांच्या ३२ ला आधी 'हॅप' नाव दिलं. अमेरिकन हवाई दलाचे प्रमुख जनरल अरनॉल्ड यांचं लाडकं नावही हॅपच. मग गुपचूप 'हॅम्प' केलं.

खारा_दाणा

ताई, रंग राहिला.

इतिहासवेडी

येतेय हो!

१९४२ च्या सुरुवातीच्या एका जपानी नौदलाच्या तांत्रिक अहवालात झीरोच्या रंगाचा उल्लेख आहे, राखाडी पण किंचित 'अमे-इरो'कडे झुकलेला, अशा अर्थाचा. सगळं भांडण या एका शब्दाचं. काही म्हणतात राखाडीवर पारदर्शक पिवळसर वॉर्निश होतं, काही म्हणतात रंगातच ती झाक होती. सापडलेल्या अवशेषांवर वरचा थर खडूसारखा फिकट झालेला असतो आणि घासला की खालून ऑलिव्हकडे जाणारी छटा निघते. तुमच्या लहानपणीच्या खोक्यावरचं पांढुरकं झीरो बहुधा याच उन्हात विटलेल्या रंगावरून आलं. म्हणजे तुमचे तीनही रंग एकाच विमानाचे असू शकतात, नवं असताना एक आणि उन्हा-खाऱ्या वाऱ्यात राहून दुसरा.

नागोयाकर

अमे म्हणजे काय ते मी सांगतो, इथे रोज बघतो. अमे म्हणजे गोळी-चॉकलेटातली गोळी. तिचा मूळ प्रकार मिझुआमे, स्टार्चपासून केलेला घट्ट पाक. जुन्या पद्धतीचा, माल्ट घालून केलेला पाक काडीवर घेऊन उजेडात धरला की जो रंग दिसतो तो अमे-इरो. आपल्याकडे पातळ काकवी काचेच्या बरणीतून दिसते ना, साधारण तसा. आता राखाडी रंगात ती काकवी अर्धा चमचा मिसळल्याची कल्पना करा. अर्धाच चमचा! इंटरनेटवर काही जणांनी पूर्ण बरणी ओतलीय, विमान शेणानं सारवल्यासारखं दिसतं.

मी नागोयाला आठ वर्षं आहे. हे विमान याच शहरात जन्मलं, पण उडालं इथे नाही. कारखान्याला लागून धावपट्टी नव्हती. पहिला नमुना सुटा करून बैलगाड्यांवर घातला आणि जवळपास ४८ किलोमीटरवरच्या कागामिगाहाराला नेला. रस्ते असे की ट्रकने नेलं असतं तर धक्क्यांनी खिळखिळं झालं असतं. १ एप्रिल १९३९ ला तिथून पहिलं उड्डाण. हजारो किलोमीटरच्या पल्ल्याचं, त्या काळातलं अतिशय चपळ लढाऊ विमान, आणि त्याचा पहिला प्रवास बैलांच्या चालीने. एखाद्याने १/४८ मध्ये ती बैलगाडी करावी असं मला फार वाटतं. कागामिगाहाराला आता हवाई संग्रहालय आहे आणि तिथे खरं हिएन (त्याच युद्धातलं दुसरं जपानी लढाऊ विमान) ठेवलंय, रंग न दिलेलं, उघड्या धातूचं. माझा मुलगा म्हणाला, बाबा, हे तर तुमच्या किटसारखं अर्धवट आहे.

आणि किटवाल्यांची पंढरी म्हणजे शिझुओका. तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी सगळे तिथलेच. तामियाची सुरुवात १९४६ ला लाकडाच्या धंद्यातून, मग लाकडी खेळणी, आणि १९६० ला पहिलं प्लास्टिक किट यामातो युद्धनौकेचं. त्या भागात लाकूडकामाची परंपरा जुनी, तिच्यातून हा धंदा उगवला. शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) जाणार असाल तर ध्यानात ठेवा, नोझोमी गाडी तिथे थांबत नाही. कोदामा किंवा तिथे थांबणारी हिकारी धरा. मी पहिल्यांदा नोझोमीत बसून शिझुओका स्टेशन खिडकीतून मागे जाताना पाहिलंय.

चिकटपट्टी

बैलगाडी! +१. कोणीतरी करा.

माणदेशी

सगळं छान चाललंय, पण एक बोलतो, रागावू नका. आमचे चुलत आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. मार्च १९४४, मणिपुरात सांगशाक. पाणी नाही, विमानाने टाकलेलं सामान बरंचसं जपान्यांच्याच बाजूला पडायचं. ते परत आले. लढाईबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त आकाशात विमानाचा आवाज आला की बोलता बोलता गप्प व्हायचे आणि आवाज जाईपर्यंत तसेच बसायचे. आमच्या घरात लाल गोळ्याचं विमान शोभेला ठेवायचं कोणाला सुचलंच नसतं.

तिसरा_मजला

दादा, रागवायचं काय त्यात. मीही यावर विचार केलाय. माझ्यापुरतं सांगतो, मला तो गोळा आवडतो म्हणून विमान करत नाहीये. कोलंबोवर पडलेल्या बाँबांची गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नाही, या किटमुळे कळली. शेजारी ब्रिटिशांचं लढाऊ विमान हरिकेन ठेवायचं आधीच ठरलंय.

इतिहासवेडी

माणदेशी, त्या लाल गोळ्याने आपल्या विमानांचंही चिन्ह बदलायला लावलं. ब्रिटिश वर्तुळात मधोमध लाल ठिपका असायचा. धावपळीत तो जपानी वाटून आपलेच आपल्यावर गोळ्या झाडायचे. म्हणून या आघाडीवर लाल काढून टाकला, गडद निळा आणि आत फिकट निळा एवढंच ठेवलं. इंफाळला अर्जनसिंग यांच्या १ नंबर स्क्वॉड्रनच्या हरिकेनवर तेच निळं वर्तुळ. अमेरिकनांनीही १९४२ मध्ये आपल्या पांढऱ्या चांदणीतला लाल ठिपका पुसला.

आणि नुसतं कोलंबो नाही. ६ एप्रिल १९४२ ला ऱ्यूजो जहाजावरच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बाँब टाकले. ९ ला त्रिंकोमाली, आणि त्याच दिवशी हर्मिस ही ब्रिटिश विमानवाहू नौका बट्टिकलोआजवळ बुडवली. विशाखापट्टणमवर आलेलं 'केट' (जपानी बाँबर) करायचं माझ्या डोक्यात आहे. १/७२ मध्ये एअरफिक्सचं केट चांगलं आहे.

गोवेकर_पात्रांव

मला की-२१ हे जपानी बाँबर करायचंय. नेताजींच्या शेवटच्या प्रवासातलं विमान. तैपेई, १८ ऑगस्ट १९४५.

खारा_दाणा

पात्रांव, हळू बोला. तो विषय इथे सुरू झाला तर हा धागा दिवाळीपर्यंत बंद होणार नाही आणि झीरो तसाच पांढरा राहील.

इतिहासवेडी

फक्त किटपुरतं बोलते. आयसीएम या युक्रेनच्या कंपनीचं १/४८ मधलं की-२१ आहे, पण ते आधीच्या काळातलं. त्याच्या पाठीवर लांबट काचेचं घर आहे. नंतरच्या की-२१-२ब वर त्या जागी शंकूसारखा मशीनगनचा घुमट आला. तुमच्या विमानाला घुमटवालं लागेल. खोक्यावरचं चित्र पाठीकडून तपासल्याशिवाय घेऊ नका.

नवशिका

वाचनखूण साठवली. आणखी एक बाळबोध. लाल गोळे डिकलचे (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचे) लावायचे की रंगवायचे?

रंगारी_काका

रंगवायचे. यावर माझ्याशी वाद नको! डिकलचा लाल बहुतेक वेळा शेंदरी तरी असतो नाहीतर गुलाबी, आणि जुन्या किटचा असेल तर पिवळा पडलेला. मास्किंग टेप काचेवर चिकटवायची, वर्तुळाच्या कटरने गोल कापायचा, आतली चकती जपून ठेवायची आणि बाहेरची चौकट पंखावर लावायची. आधी पांढऱ्याचा पातळ हात, मग लाल. नुसत्या हिरवट राखाडीवर लाल मारलास तर तो मळकट दिसतो. कडा नखाने दाबायच्या, विशेषतः जिथे पॅनल लाइन वर्तुळाखालून जाते. रंग तिथूनच आत शिरतो आणि गोळ्याला मिशी फुटते.

बाकीचे आकडे-पट्टे डिकलचे चालतील, पण खाली ग्लॉस कोट हवाच. मॅट रंगावर डिकल बसवलं की खाली हवा राहते आणि चंदेरी चमकतं.

इतिहासवेडी

धाग्याच्या मालकांसाठी: धडावरच्या गोळ्याला पांढरी कड नको. कड नाकाजिमाने बांधलेल्या झीरोंवर येते. तुमचं मित्सुबिशीचं, तेव्हा नुसता गोळा. शेपटीवर 'एआय' आणि धडाभोवती एक लाल पट्टा, ती अकागीची खूण. दोन लाल पट्टे कागाचे, पण कागा तेव्हा दुरुस्तीसाठी जपानला परत गेलं होतं, कोलंबोला नव्हतंच. पंख्याची पाती पुढून चंदेरी, टोकाला दोन लाल रेघा, मागून मात्र मातकट तपकिरी. वैमानिकाच्या डोळ्यांत चमक जाऊ नये म्हणून. काउलिंगचा (इंजिनावरच्या झाकणाचा) काळा शुद्ध काळा नको, दोन थेंब निळा घाला.

खारा_दाणा

विमान पाडणं सोपं, ताईंकडून पास करून घेणं कठीण. (हलकेच घ्या.)

तिसरा_मजला

अडीच आठवड्यांनी हजर. गणपतीच्या आधी चार दिवस ऊन पडलं, तेवढ्यात उरकलं.

काकांचा उपाय चालला. नुसत्या थिनरचा पहिला फवारा मारला, काही झालं नाही. दुसरा मारला आणि दिव्याखाली पंख तिरका धरला. टोकाकडून साय विरत गेली, पाटीवरची ओली खडूची अक्षरं सुकताना पांढरी होतात त्याच्या बरोबर उलट, पांढऱ्यातून हिरवट राखाडी वर आला. मी दिवा धरून तसाच उभा. बायको म्हणाली, आरती करताय का?

रंगाचं असं केलं: एक्सएफ-७६ मध्ये थोडा पांढरा, कारण काकांनी खाजगी निरोपात बजावलं होतं की लहान मापाला खरा रंग जसाच्या तसा दिला की गडद दिसतो. हे सगळं मी अल्कोहोलमध्ये पातळ केलेल्या ॲक्रिलिकने केलं, लॅकरचा नाद सोडला. मग नागोयाकरांची अर्धा चमचा काकवी: पारदर्शक पिवळा आणि चिमूटभर तपकिरी, खूप पातळ, फक्त पंखांच्या मुळाशी आणि काउलिंगच्या मागे. बाहेरच्या टोकांवर उलट थोडा फिकट. ट्यूबलाइटखाली राखाडी दिसतं, सकाळच्या उन्हात ऑलिव्ह. मला हेच हवं होतं, का ते नीट सांगता येणार नाही.

पिटो ट्यूब मिळाली नाही. औषधाच्या दुकानातून सगळ्यात बारीक इंजेक्शनची सुई आणली, टोक घासून बोथट केलं आणि कापून लावली. दुकानदाराने कशाला हवी विचारलं. 'विमानाला' म्हटल्यावर त्याने दोन पावलं मागे घेतली.

एक घोळ मात्र केलाच. कॅनोपी (वैमानिकावरचं काचेचं झाकण) सुपरग्लूने चिकटवली.

चिकटपट्टी

अरेरे. धुकं?

तिसरा_मजला

आतून. वैमानिक महाबळेश्वरात बसलाय.

चिकटपट्टी

सुपरग्लूची वाफ काचेवर बसते, सगळ्यांचा एकदा होतोच हा घोळ. निघत असेल तर काढा, आतून अगदी बारीक पॉलिशिंग कंपाउंड कापसाच्या काडीने गोल गोल, घाई न करता. मग परत लावताना साधा पांढरा फेविकॉल, टूथपिकच्या टोकावर. पारदर्शक सुकतो आणि चूक झाली तर ओल्या ब्रशने निघतो. झीरोच्या कॅनोपीला एवढ्या चौकटी आहेत की कोपऱ्यातलं थोडं धुकं त्यांच्याआड लपतं. माझ्या रायडेन विमानाच्या काचेत तर बोटाचा ठसा आहे. आधार कार्डाला चालेल इतका स्पष्ट.

तिसरा_मजला

काढली, घासली, फेविकॉलने लावली. ऐंशी टक्के स्वच्छ. आता ॲंटेनाची तार. खांब ठेवायचा ना? काही फोटोंत खांब कापलेला दिसतो.

इतिहासवेडी

ते जमिनीवरून उडणाऱ्या तुकड्यांचं. त्यांचे रेडिओ इतके कुचकामी होते की काहींनी वजन वाचवायला ते काढून टाकले आणि खांबही कापला. जहाजावरच्यांना समुद्रावरून परत जहाज शोधायचं असायचं. तुमच्या अकागीवाल्याचा खांब ठेवा.

रंगारी_काका

तारेसाठी दोरा नको, त्याला लव दिसते. उरलेला स्प्रू (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला असतात ती) मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नाही, फिरवत धरायचा. लोंबायला लागला की ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही हात एका दमात लांब करायचे. केसाएवढी तार निघते.

तिसरा_मजला

घरात मेणबत्ती नव्हती, निरांजन घेतलं. पहिल्या तीन तारा तुटल्या, चौथी जाड झाली, पाचवी बसली. खांबापासून शेपटीपर्यंत. फोटो टाकलेत, शेवटच्या दोनांत उन्हातला रंग बघा.

माणदेशी

फोटो पाहिले. तार सुरेख. हरिकेन कधी लावताय शेजारी?

तिसरा_मजला

किट कुरियरमध्ये आहे, दादा. निळी वर्तुळं रंगवायच्या आधी इथेच विचारीन, दोन निळे नेमके कोणते.

खारा_दाणा

झालं. ताई, पाणी पिऊन या.